वडिलांच्या पेप्टाइड बायोरेग्युलेटरच्या कॅप्सूल: चालू ठेवू का बंद करू?

निशिगंधा:
बाबा ७१ वर्षांचे, बीपीची गोळी बरीच वर्षं चालू आहे. मॉर्निंग वॉकच्या ग्रुपमधल्या एका काकांनी त्यांना रशियन कॅप्सूलचा कोर्स दिला, थायमससाठी (छातीतली प्रतिकारशक्तीची ग्रंथी) एक डबी आणि रक्तवाहिन्यांसाठी दुसरी. काका म्हणाले हे औषध नाही, पेप्टाइड म्हणजे प्रोटीनचे बारीक तुकडे आहेत, ज्या अवयवाचा अर्क असेल तो बरोबर त्याच अवयवाला जाऊन लागतो. बाबांना हे इतकं पटलं की तिसऱ्या आठवड्यात बीपीची गोळी गुपचूप बंद, आणि परवा बाथरूममधून येताना चक्कर आली म्हणून मोजलं तर १७८/१०२. डबी देवघराच्या फळीवर होती. रशियन मजकुरावर मोबाईल धरला तर भाषांतर आलं, वासरांच्या थायमस ग्रंथीतून. त्या दिवशी एकादशी होती, आईने डबी तिथून उचलली आणि दिवसभर कोणाशी बोलली नाही. माझं मत स्पष्ट आहे, बंद करायच्या. पण बाबा ऐकत नाहीत, म्हणून इथे विचारतेय.

डोंबिवलीकर:
ताई, गोळी बंद केली ती चूक बाबांची, कॅप्सूलची नाही. हे काय कालपरवा निघालेलं खूळ नाहीये. व्लादिमिर खाविनसन या रशियन संशोधकांनी १९७० च्या दशकात लेनिनग्राडच्या मिलिटरी मेडिकल अकॅडमीत हे काम सुरू केलं, थायमसचा अर्क म्हणजे थायमालिन, तो रशियात १९८० च्या दशकापासून औषध म्हणून वापरात आहे. २००३ मध्ये छापून आलेला अभ्यास आहे, २६६ वयस्कर माणसं, ६ ते ८ वर्षं लक्ष ठेवलं, अर्क दिलेल्या गटात मृत्यू जवळजवळ निम्मे. मी स्वतः दोन कोर्स केलेत, झोप सुधारली, सर्दी कमी झाली. आपल्याकडे अमेरिकेचा शिक्का नसला की सगळं खोटं, हे मला मान्य नाही.

मेडिकलवाला_सांगली:
दादा, तुम्ही सांगितलेला अभ्यास खरा आहे पण त्यात थायमालिन आणि एपिथालामिन (मेंदूतल्या पिनियल ग्रंथीचा अर्क) इंजेक्शनने दिलं होतं. तुमच्या हातात आहे कॅप्सूल. दोन्ही एकच समजून विकतात तिथेच गडबड आहे. प्रोटीन पोटात गेलं की पेप्सिन हा पाचक रस ते तोडतो, म्हणून तर इन्सुलिन अजून गोळीतून घेता येत नाही. आणि तो अभ्यास खाविनसन आणि त्यांच्या सहकाऱ्याचाच आहे, तोच निकाल बाहेरच्या लोकांनी मोठ्या चाचणीत काढून दाखवला असता तर मी स्वतः काउंटरवर ठेवलं असतं.

डोंबिवलीकर:
इन्सुलिन ५१ अमिनो आम्लांचं असतं हो, हे दोन-तीन-चारचे तुकडे. आतड्यात पेप्ट-१ नावाचा वाहक असतो तो दोन-तीनचे तुकडे अख्खे आत घेतो, हे पाठ्यपुस्तकात आहे.

मेडिकलवाला_सांगली:
बरोबर, घेतो. पण घेतलेल्यातले बहुतेक आतड्याच्या पेशीतच सुटे होतात. आणि अशा कॅप्सूलमध्ये साधारण १० मिलिग्रॅम अर्क असतो, एका अंड्यात ६ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे ६०० पट, त्यातूनही असे असंख्य तुकडे रोज सुटतात. त्यातला नेमका थायमसचा तुकडा थायमसचा पत्ता शोधत जातो याचा माणसांवरचा धड पुरावा मला तरी दाखवा. डुकराच्या मेंदूपासून बनवलेलं सेरेब्रोलायसिन घ्या, ते तर शिरेतून देतात, तरी पक्षाघातात उपयोग होतो का हे कॉक्रेनने (उपचारांवरचे सगळे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) तपासलं तेव्हा फायदा दिसला नाही, उलट गंभीर त्रासाचं प्रमाण थोडं जास्त दिसलं.

हळदीकुंकू:
मी दोघांच्या मधली. घ्यायचंच असेल तर डबी हातात घेऊन आधी बघा, आयात करणाऱ्याचा १४ आकडी एफएसएसएआय (सरकारी अन्नसुरक्षा संस्था) नंबर आहे का, मांसाहाराचा तपकिरी त्रिकोण आहे का. फूड सप्लिमेंट म्हणून आपल्याकडे विकायचं तर औषधासाठी नाही असं छापावंच लागतं, आणि रोग बरा होतो असा दावा चालत नाही. आमच्या सासूबाईंना एकाने विकलेल्या डबीवर यातलं काहीच नव्हतं, पावतीही दिली नाही. बिनपावतीचं मी घरात येऊ देत नाही, मग ते कितीही चांगलं असो.

डोंबिवलीकर:
पावतीचं पटलं. पण मला जो फरक जाणवला तो मी नाकारू कसा? निशिगंधाताई, बाबांना गोळी परत सुरू करायला सांगा, ती बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही.

निशिगंधा:
दादा, तुमची झोप सुधारली ते मी खोटं म्हणत नाही. मला राग आहे तो औषध नाही म्हणत हळूच औषधाच्या जागी बसवण्याचा, आणि आईला न सांगता वासराचा अर्क देवघरात पोचण्याचा. काल रात्री बाबांना दोनच गोष्टी दाखवल्या, इंजेक्शन आणि कॅप्सूल वेगळी, आणि डबीवरचं ते भाषांतर. बराच वेळ चष्मा काढून बसले, मग स्वतःच म्हणाले आईला विचारायला हवं होतं. गोळी सुरू झालीये, आज सकाळी १४६/८८. सोमवारी डॉक्टरांकडे दोन्ही डब्या घेऊन जातोय. दुसरीचं सील अजून शाबूत आहे, ती परत घेतील का हे काकांना बाबाच विचारणार आहेत.