मदत हवी आहे: घरी बनवलेल्या सीएनसी राउटरचा (लाकूड कोरणाऱ्या मशीनचा) झेड, म्हणजे वर-खाली जाणारा अक्ष, जॉब चालू असताना हळूहळू खाली जातोय, आणि स्पिंडल चालू केला की अलार्म

भुसाभाऊ:
नमस्कार मंडळी. फ्रेम, रेल, बॉलस्क्रू सगळं बसवून झालं, स्क्रू हाताने फिरवला की गॅन्ट्री (वरचा सरकता पूल) अलगद सरकते, त्यामुळे मला वाटलं आता काय, चार वायरी जोडायच्या की झालं. तिथेच माती खाल्ली. इलेक्ट्रॉनिक्समधलं माझं ज्ञान सोल्डरिंगपुरतंच आहे तेव्हा प्रश्न बावळट वाटला तर सांभाळून घ्या.

सेटअप असा. आर्डुइनो उनो बोर्ड, त्यावर जीआरबीएल १.१ (मोटारी चालवणारा प्रोग्राम). अक्ष तीन पण मोटारी चार, कारण वायला दोन्ही बाजूंना एकेक आहे (दुसरीच्या एका कॉइलच्या दोन वायरी उलट लावल्यात, त्यामुळे ती उलटी फिरते). मोटारी नेमा २३ स्टेपर (पायरी-पायरीने फिरणाऱ्या), ड्रायव्हर डीएम५४२ टाइपचे, सप्लाय ३६ व्होल्ट. मायक्रोस्टेपचे (मोटारीच्या एका फेरीचे किती बारीक तुकडे) स्विच १६०० ला, स्क्रूचा लीड (एका फेरीत सरकण्याचं अंतर) ५ मिमी, म्हणून $१००, $१०१, $१०२ (तिन्ही अक्षांच्या स्टेप्स पर मिमीच्या सेटिंग) तिन्ही ३२०. १०० मिमी सांगितलं की कॅलिपरवर १०० च येतात. स्पिंडल (बिट फिरवणारी मोटार) २.२ किलोवॅटचा, व्हीएफडीवर (त्याचा वेग ठरवणारं उपकरण).

प्रॉब्लेम एक. अक्षरं कोरायला घेतली की सुरुवातीची छान येतात आणि शेवटची जास्त खोल जातात. दर अक्षराला झेड वर-खाली होतो, आणि पान संपेपर्यंत अर्धा मिमी तरी फरक पडलेला असतो. नेहमी खालीच, वर कधीच नाही. स्पीड कमी केला, अ‍ॅक्सिलरेशन निम्मं केलं, ड्रायव्हरचा करंट एक पायरी वाढवला, काही फरक नाही.

प्रॉब्लेम दोन. स्पिंडल चालू केला की मधूनच अलार्म १ येतो, म्हणजे हार्ड लिमिट (अक्ष टोकाच्या स्विचला टेकला की मशीन थांबतं), आणि स्विचला तर कोणी हातही लावलेला नसतो. दोनदा तर लॅपटॉपवरून पोर्टच गायब झाला. सध्या $२१ शून्य करून लिमिट बंद ठेवून काम चाललंय, ते बरोबर नाही हे मलाही कळतं.

एक मित्र म्हणतो उनो फेकून दे, पॅरलल पोर्टवाला जुना डेस्कटॉप घे आणि त्यावर चालव. खरंच कंट्रोलरच बदलायला हवा का? (झेडची लिमिट स्विच चालेना म्हणून आधीच दोन संध्याकाळी घालवल्यात, नंतर कळलं की नव्या जीआरबीएलमध्ये ती डी१२ पिनवर गेलीये आणि माझ्या शील्डवर (उनोवर बसणाऱ्या बोर्डावर) अजून डी११ छापलंय. त्यामुळे आता छापलेल्या कशावरच विश्वास उरलेला नाही.)

जुनाडबा:
करंट वाढवून काही होणार नाही हे बरं झालं तुम्हीच बघितलंत. आधी कपलिंगचा ग्रब स्क्रू बघा, मोटारीच्या शाफ्टवर आणि कपलिंगवर मिळून मार्करने एक सरळ रेघ मारा आणि जॉबनंतर रेघ तुटलेली दिसते का पाहा. दुसरं म्हणजे बिट कोणतं आहे? अपकट (भुसा वर फेकणारं) असेल तर ते कापताना स्वतःला खाली ओढतं आणि कॉलेट (बिट पकडणारा भाग) नीट आवळलेलं नसेल तर बिटच केसाकेसाने बाहेर येतं. मग झेड जागेवर आणि खोली मात्र वाढत जाते. माझं महिनाभर असंच चाललं होतं आणि मी बिचाऱ्या सॉफ्टवेअरला शिव्या घालत होतो.

भुसाभाऊ:
बिट अपकटच आहे. रेघ मारली, जुळलेलीच राहिली. कॉलेट साफ करून पुन्हा आवळलं, तरी तेच.

मायक्रोस्टेप:
लाकूड, बिट, स्पिंडल सगळं बाजूला ठेवा आणि नुसत्या हवेत बघा. झेडच्या प्लेटखाली डायल गेज लावा, शून्यावर आणा, मग झेड ५ मिमी वर आणि परत खाली, असं १०० वेळा करा आणि गेज वाचा. नंतर हेच स्पीड अगदी कमी करून, आणि एकदा फक्त ५० वेळा. तिन्ही आकडे इथे टाका. आणि हो, ड्रायव्हरची वायरिंग कशी केलीत (पल्स म्हणजे एक स्टेप घ्यायचा सिग्नल, डायरेक्शन म्हणजे दिशेचा)? पल्स मायनस आणि डायरेक्शन मायनस ग्राउंडला आणि प्लस आर्डुइनोच्या पिनांना, की उलटं?

भुसाभाऊ:
जीआरबीएलमध्ये लूप नसतो हे विसरलो होतो, त्यामुळे दोन ओळी शंभर वेळा कॉपी-पेस्ट केल्या, असो. १२०० मिमी प्रति मिनिटला १०० फेऱ्या, गेजचा काटा ०.६२ खाली. ३०० ला १०० फेऱ्या, ०.६३. परत १२०० ला ५० फेऱ्या, ०.३१. स्पिंडल बंद, लाकूड नाही, काही नाही. मग उत्सुकता म्हणून ५ ऐवजी २ मिमीच वर-खाली केलं, १०० फेऱ्यांना तरीही ०.६२!

वायरिंग: सगळे मायनस एकत्र ग्राउंडला, प्लस पिनांना.

मायक्रोस्टेप:
सापडलं असं वाटतंय मला. तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे बघा. मोटार जोर कमी पडून स्टेप खात असती तर कमी स्पीडला फरक कमी झाला असता आणि आकडा दर वेळी वेगळा आला असता. स्टेप्स पर मिमी चुकलेलं असतं तर २ मिमी आणि ५ मिमीला वेगळं आलं असतं, आणि मुळात खाली येताना तेवढंच परत मिळालं असतं. तुमची चूक अंतरावर नाही, वेगावर नाही, फक्त किती वेळा दिशा बदलली त्यावर आहे. १०० फेऱ्यांना ०.६२, म्हणजे एका फेरीला ०.००६२ च्या आसपास. तुमची एक मायक्रोस्टेप १ भागिले ३२०, म्हणजे ०.००३१२५ मिमी. दर फेरीला बरोबर दोन मायक्रोस्टेप.

दोनच का? कारण एक स्टेप नुसती हरवत नाहीये, ती उलट्या दिशेला पडतेय. जायचं होतं एक वर, गेली एक खाली, फरक दोनचा. होतं असं की ड्रायव्हरला डायरेक्शनचा सिग्नल पल्सच्या निदान ५ मायक्रोसेकंद आधी लागतो, डीएम५४२ च्या माहितीपत्रकात तसं लिहिलेलंच असतं. आणि साधं जीआरबीएल डायरेक्शन लावतं आणि लगेच पल्स सोडतं, मध्ये मायक्रोसेकंदसुद्धा थांबत नाही. ड्रायव्हरच्या आत सिग्नल ऑप्टोकप्लरमधून (प्रकाशाने सिग्नल पुढे देणारा भाग, थोडक्यात ऑप्टो) जातो, डायरेक्शनवरचा ऑप्टो बऱ्याचदा पल्सच्या ऑप्टोपेक्षा संथ असतो. त्यातही चालू पटकन होतो पण बंद व्हायला वेळ घेतो. म्हणून एकाच बाजूला वळताना पहिली स्टेप जुन्या दिशेला जाते, दुसऱ्या बाजूला वळताना सगळं वेळेत होतं. दोन्हीकडे सारखंच चुकलं असतं तर बेरीज-वजाबाकी होऊन तुम्हाला कळलंही नसतं.

पण माझं म्हणणं आहे म्हणून मानू नका, आधी तपासा. झेडच्या ड्रायव्हरचे स्विच १६०० वरून ३२०० ला करा, $१०२ ला ६४० टाका, आणि तीच १०० फेऱ्यांची टेस्ट. मी बरोबर असेन तर स्टेप निम्मी झाल्यामुळे चूकही निम्मी, म्हणजे ०.३१ च्या आसपास यायला हवी. वेगळं काही आलं तर मी चुकले. स्विच बदलताना पॉवर बंद करायला विसरू नका.

भुसाभाऊ:
०.३१!!! दोनदा केलं. एक्सलापण गेज लावून १६०० वरच बघितलं, तिथेही ०.६२ च. म्हणजे एक्सपण सरकत होता आणि मी कधी मोजलंच नव्हतं. आता करायचं काय?

मायक्रोस्टेप:
रस्ते दोन आहेत. सोपा रस्ता: $२=७ टाका. याने तिन्ही अक्षांचा पल्स उलटा होतो, म्हणजे पिन एरवी वर (५ व्होल्टला) राहते, पल्सला खाली (शून्याला) जाते आणि मग परत वर येते. ड्रायव्हर वर जाणाऱ्या कडेवर स्टेप घेतो, ती कड आता पल्सच्या शेवटी येते. $० मध्ये (पल्सची लांबी) १० असेल (डीफॉल्ट तेच आहे) तर डायरेक्शनला आपोआप १० मायक्रोसेकंद मिळतात. दुसरा रस्ता म्हणजे कॉन्फिगच्या फाइलमध्ये स्टेप पल्स डिलेची ओळ चालू करून जीआरबीएल पुन्हा कंपाइल करायचं, तो जास्त शिस्तीचा, पण तुमच्यासाठी पहिला पुरे. गंमत अशी की तुम्ही प्लस सगळे ५ व्होल्टला आणि मायनस पिनांना अशी वायरिंग केली असती तर हा प्रॉब्लेम बहुतेक दिसलाच नसता, तिथे हेच उलटणं वायरिंगमधूनच होतं.

आणि वायच्या एकाच पिनवर तुम्ही दोन ड्रायव्हर चालवताय, पिनवर दोन्ही ऑप्टोंचा करंट येतो. चालतं, पण मध्ये एक बफर आयसी (सिग्नलला जोर देणारी चिप) टाकलीत तर पिनला आराम.

जुनाडबा:
ताई, हे मलापण माहीत नव्हतं. माझी कॉलेटची थिअरी मागे घेतो.

पॅरलल पोर्टबद्दल: तेवढ्यासाठी डेस्कटॉप घेऊ नका. माक ३ या सीएनसी प्रोग्रामचा पॅरलल पोर्टचा ड्रायव्हर फक्त ३२ बिट विंडोजवर चालतो, म्हणजे जुनी विंडोज जपत बसा. लिनक्ससीएनसी चांगलंच आहे पण पॅरलल पोर्टवर पल्स स्वतः कॉम्प्युटर काढतो, त्यामुळे आधी लेटन्सी टेस्ट (कॉम्प्युटर किती उशीर करतो ते मोजणारी) तासभर चालवून बघावी लागते, आणि ब्राउझर उघडला की जिटर (पल्सच्या वेळेतली गडबड) उडी मारतो असे डबे मी पाहिलेत. ते सगळं तुमच्या उनोपेक्षा सरस तेव्हा, जेव्हा तुम्हाला जास्त अक्ष, सर्व्हो, नाहीतर बाहेरचं इथरनेट कार्ड वगैरे हवं असेल. तुमचं गणित करा ना, २५०० मिमी प्रति मिनिटला सेकंदाला साधारण १३,३०० पल्स, उनोवरचं जीआरबीएल ३०,००० पर्यंत जातं. बक्कळ आहे.

आता अलार्म. लिमिटच्या वायरी कुठून नेल्यात?

भुसाभाऊ:
केबल चेनमधून... स्पिंडलच्या केबलसोबत. चेन एकच आहे. स्पिंडलची केबल साधी चार कोरची.

जुनाडबा:
हं, मग अजून काय होणार. व्हीएफडी स्पिंडलला साइन वेव्ह देत नाही, हजारो वेळा चालू-बंद करून तुकड्या-तुकड्यांत व्होल्टेज देतो, आणि ती केबल म्हणजे चेनमध्ये झोपलेला अँटेना. शेजारी तुमची लिमिटची वायर, तिला वर धरून ठेवायला आर्डुइनोच्या आतला २० ते ५० किलोओहमचा पुलअप, म्हणजे फुंकर मारली तरी हलेल असा.

स्पिंडलला शील्डेड केबल टाका, शील्ड व्हीएफडीच्या अर्थला नीट पट्टीने दाबा, बारीक शेपूट वळून जोडू नका. स्पिंडलची बॉडी अर्थ झालीये का मीटरने बघा, बऱ्याच स्पिंडलच्या कनेक्टरमध्ये चौथी पिन आत कुठेच जोडलेली नसते. लिमिटची वायर वेगळ्या वाटेने न्या, पिळलेली जोडी किंवा शील्डेड, तिचं शील्ड फक्त कंट्रोलरच्या बाजूला ग्राउंड. स्विच नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेला, दाबला की तुटणारा) करा आणि $५=१ टाका (लिमिटचा सिग्नल उलटा वाचायला), म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबेल. बोर्डाजवळ ४.७ किलोओहमचा बाहेरचा पुलअप ५ व्होल्टला आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला. तरी नाही गेलं तर स्विच २४ व्होल्टवर चालवून मध्ये ऑप्टो. पोर्ट गायब होतो तोही ह्याच विजेच्या गोंधळाने (नॉइजने), यूएसबी केबल आखूड घ्या, फेराइट घाला, व्हीएफडीपासून लांब ठेवा.

आणि इमर्जन्सीचं लाल बटण कुठे जोडलंय ते तुम्ही सांगितलंच नाहीत.

भुसाभाऊ:
शील्डवर जिथे अ‍ॅबॉर्ट छापलंय तिथे. ए०.

जुनाडबा:
तो नुसता सॉफ्टवेअरचा रिसेट आहे. आर्डुइनो अडकला तर त्या बटणाला विचारणार कोण? नॉर्मली क्लोज्ड बटण घ्या, त्याने काँटॅक्टरची (मोठ्या रिलेची) कॉइल तोडा, काँटॅक्टरने ड्रायव्हरच्या सप्लायची येणारी लाइन तोडा, आणि बटणाचा दुसरा काँटॅक्ट व्हीएफडीच्या स्टॉप इनपुटला. व्हीएफडी आणि स्पिंडलच्या मधोमध काँटॅक्टर टाकू नका, चालू असताना उघडला तर व्हीएफडी जाऊ शकतो. तसंच ड्रायव्हर चालू असताना मोटारीची वायरही काढायची नाही. हे केल्याशिवाय $२१ चं नाव काढू नका.

भुसाभाऊ (आठ दिवसांनी):
अपडेट. $२=७ टाकलं, झेडला १०० फेऱ्या, काटा शून्यावर. विश्वास बसेना म्हणून ५०० केल्या, तरी शून्यावर, नखाएवढा पण हलला नाही. एक्सपण तसंच. कालच तेच जुनं अक्षरांचं पान परत कोरलं, पहिलं आणि शेवटचं अक्षर सारखं खोल.

स्पिंडलच्या कनेक्टरची चौथी पिन खरंच कुठेच जोडलेली नव्हती, आत टोपण उघडलं तर वायर मोकळी लोंबत होती. ती बॉडीला जोडली, शील्डेड केबल टाकली, लिमिटला दुसरी चेन लावली, स्विच नॉर्मली क्लोज्ड केले. $२१ परत १ आहे आणि तीन जॉब झाले, अलार्म नाही. एकदा २४,००० आरपीएमला अलार्म आला होता पण तेव्हा कपॅसिटर लावायचा राहिला होता, तो लावल्यावर गेला.

लाल बटणाचा काँटॅक्टर बसवलाय, व्हीएफडीच्या स्टॉपची वायर ओढायची राहिलीये. व्हीएफडीवर सहा-सात टर्मिनल आहेत, कुठल्यात जोडायची आणि पॅरामीटर कुठला बदलायचा ते मॅन्युअलमधून उद्या बघतो, अडलो तर इथेच विचारतो. मायक्रोस्टेपताई, ती बफर आयसी नेमकी कुठली वापरता तुम्ही?

मायक्रोस्टेप:
७४एचसीटी२४५. एचसी नको, एचसीटीच घ्या, म्हणजे पुढे कधी ३.३ व्होल्टच्या बोर्डवर गेलात तरी तीच चालेल. सप्लायच्या पिनजवळ ०.१ चा कपॅसिटर, आणि न वापरलेले इनपुट ग्राउंडला बांधा.