घाटाखालची दगडी चौकी: टोलनाका की जकात नाका?

घाटवाट: जुन्या गाडीरस्त्याला लागून, घाटाच्या पायथ्याशी दोन खोल्यांची दगडी चौकी आहे. गावात तिला 'जकात नाका' म्हणतात. पाटी किंवा कोरीव लेख नाही. इंग्रजी अमलातला टोलनाका असेल, तर ते ठरवायचं कसं?

दफ्तरी: गावातल्या नावावर जाऊ नका, दोन्हींना सर्रास जकात नाकाच म्हटलं जातं. जकात मालावर, टोल रस्ता वापरल्याबद्दल गाडीवर आणि जनावरावर. मुंबई इलाख्यातली वाटेवरची जकात १८३८च्या कायद्याने उठली. पुढे नगरपालिकांची जकात आली, पण ती शहराच्या वेशीवर. त्यामुळे घाटाखालची चौकी १८४० नंतरची असेल, तर टोलचीच शक्यता जास्त. टोलला आधार १८५१चा कायदा आणि नंतर मुंबई इलाख्याचा १८७५चा. आधी रस्ता गाड्यांसाठी कधी खुला झाला ते काढा. बोरघाटाची तारीख पक्की आहे, १० नोव्हेंबर १८३०, गव्हर्नर माल्कमच्या हस्ते.

सह्याद्रीकर: बांधकामाआधी जागा बघा. बैलगाडीला बगल देऊन जाता येत असेल, तर तिथे नाका बसवून उपयोग नव्हता. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला ओढा, हे लक्षण चांगलं. मग रस्त्याच्या दोन्ही कडांना फाटकाचे दगडी खांब, उखळी (फाटकाची खुंटी बसवायचा खोलगट दगड) किंवा लोखंडी कडी शोधा. रस्ता रुंद करताना एका बाजूचा खांब बहुधा जातो, म्हणून एकच सापडला तरी सोडू नका. दरांचा फलक कायद्यानेच सक्तीचा होता, इंग्रजीत आणि जिल्ह्याच्या भाषेत. दर्शनी भिंतीत डोळ्याच्या उंचीवर चार खिळ्यांची भोकं आहेत का ते पाहा. चुना किंवा रंग चढला असेल, तर तिरपा उजेड टाकल्यावरच दिसतात. खरवडू मात्र नका!

दफ्तरी: शेवटी कागदच बोलतो. १८८०च्या दशकातल्या जिल्हा गॅझेटियरात (सरकारने छापलेल्या जिल्हावार माहितीग्रंथात) 'व्यापार' प्रकरण उघडा. रस्ते, पूल आणि धर्मशाळांच्या आसपास टोलनाक्यांची माहिती मिळते. नाके लिलावाने मक्त्यावर, म्हणजे वसुलीच्या ठेक्यावर देत, तेव्हा पुराभिलेखागारात सार्वजनिक बांधकाम खात्याच्या खंडांत 'टोल' हा शब्द धरून शोधा, गावाचं नाव धरून नको, कारण इंग्रजी स्पेलिंग दर खंडात बदलतं. मक्त्याची रक्कम एकदम कोसळलेली दिसली, तर त्या भागात रेल्वे कधी आली ते ताडून पाहा. बोरघाटात ती १८६३ साली सुरू झाली.

सह्याद्रीकर: भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाही काढा. चौकी रस्त्याच्या सरकारी पट्ट्यात आहे की खासगी गटात, ते त्यावर कळेल. रुंदीकरणाची मोजणी सुरू होण्याआधी हे हातात असू द्या.