सर्व्हेटसनंतर वाद संपला नव्हता
असं म्हटलं जातं की १५५३ मधे जिनिव्हात सर्व्हेटसला, म्हणजे त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही ख्रिस्ती शिकवण) नाकारणाऱ्या विचारवंताला, जाळल्यावर येशूच्या देवत्वावर शंका घ्यायची कोणाची हिंमतच झाली नाही. जिनिव्हापुरतं ठीक आहे, पण ट्रान्सिल्वेनियात (आजच्या रुमानियातला प्रदेश) उलटंच झालं. तिथला राजा जॉन सिगिसमंड स्वतःच त्रैक्य न मानणाऱ्यांकडे झुकला, त्याचा दरबारी धर्मोपदेशक फेरेन्ट्स डाविड उघड सांगायचा की देव एकच, पिता. आणि १५६८ मधे तोर्डा गावी भरलेल्या राज्याच्या सभेने ठराव केला की उपदेशकांनी आपापल्या समजुतीप्रमाणे शुभवर्तमान सांगावं, त्यासाठी त्यांना कोणी छळू नये. त्या काळात हे केवढं मोठं होतं!

पण मला खरंच अस्वस्थ करणारी गोष्ट पुढची आहे. १५७१ मधे राजा गेला, नवीन राजवटीने धर्मात आणखी बदल करायला बंदी घातली, आणि डाविड तर म्हणायला लागला की ख्रिस्त देव नाही तर त्याची प्रार्थना तरी का करायची? हे त्याचा जुना साथीदार ब्यांद्रातालाच झेपलं नाही, त्याने समजूत घालायला फाउस्तो सोझिनीला बोलावलं, म्हणजे त्रैक्य न मानणाराच दुसरा विचारवंत, जो प्रार्थनेच्या बाजूने होता. डाविड बधला नाही. शेवटी ब्यांद्रातानेच तक्रार केली आणि १५७९ मधे डाविड देवाच्या किल्ल्यात (हे गावाचं नाव) कैदेतच वारला.