मदत हवी आहे: १९४३ च्या ‘स्टीगल्स’बद्दल
नमस्कार मंडळी. दुसऱ्या महायुद्धात खेळाडू सैन्यात गेले, म्हणून १९४३ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्स आणि पिट्सबर्ग स्टीलर्स या अमेरिकन फुटबॉलच्या दोन संघांनी मिळून एकच संघ उतरवला. लोक त्याला स्टीगल्स म्हणू लागले. दिवसा युद्धसामग्रीच्या कारखान्यांत काम, संध्याकाळी सराव! ग्रीझी नील आणि वॉल्ट किस्लिंग या दोन प्रशिक्षकांचं आपसात अजिबात पटत नसे, तरी ५ विजय, ४ पराभव, १ बरोबरी. टोनी बोव्हा या खेळाडूला एका डोळ्याने दिसतच नव्हतं, दुसऱ्यानेही अंधुकच. तरी लांबून आलेला चेंडू तो झेलायचा. हे वाचून मी अक्षरशः थांबलो.

यावर मराठीत लेख लिहितोय. पेनसिल्वेनियातल्या कुणी तिथल्या ग्रंथालयात तेव्हाची वर्तमानपत्रं पाहिली आहेत का? कारखान्यातल्या पाळ्यांबद्दलच्या बातम्या हव्या आहेत. शिवाय ‘टचडाउन’ (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेऊन गुण मिळवणं), ‘फंबल’ (हातातला चेंडू निसटणं) हे खेळातले शब्द तसेच ठेवू की मराठी शब्द वापरू?