‘सेल झोपला’ म्हणजे बिघडला की वीज वाचवतोय? : स्लीप मोडसाठी मराठी शब्द

रानजाई
मोबाइल टॉवरची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञांसाठीच्या पुस्तिकेचं मराठीकरण चालू आहे. प्रकरण ऊर्जाबचतीचं. मूळ वाक्याचा आशय असा : रात्री वापर उतरला की जादा क्षमतेसाठी ठेवलेला सेल (टॉवरवरून एका भागाला मिळणारी रेडिओसेवा) स्लीप मोडमध्ये जातो, अशा वेळी रेडिओ युनिट, म्हणजे प्रक्षेपण करणारं यंत्र, रीस्टार्ट करू नये. मी लिहिलं, ‘सेल झोपलेला असल्यास रेडिओ युनिट रीस्टार्ट करू नये.’ तपासणाऱ्यांनी त्यावर काट मारली. त्यांचं म्हणणं, धंदा झोपतो, पीक झोपतं, म्हणजे आडवं होतं, बसतं. वाचणारा बिघाड समजेल आणि नेमका रीस्टार्टच करेल. त्यांनी ‘सुप्तावस्था’ सुचवलाय. तो मला पटत नाही, कारण सुप्त म्हणजे आत दडलेलं, अजून वर न आलेलं : सुप्त गुण, सुप्त इच्छा. हा सेल तर तासाभरापूर्वी पूर्ण जोमात चालू होता. तुम्ही कोणता शब्द घ्याल?

माळरान
तपासणाऱ्यांचं बरोबर आहे. ‘साइट झोपली’ म्हणजे साइट डाउन, दुसरा अर्थ नाही.

आणि घोटाळा फक्त शब्दाचा नाही. स्लीपमधला सेल बाहेरून बिघडलेल्या सेलसारखाच दिसतो : प्रक्षेपण शून्य, जोडलेले ग्राहक शून्य, युनिटचं अंग गार. मग जंपर (अँटेनाला जोडणारी छोटी केबल) काढून-घालून बघणं, फायबर पुसणं, रीसेट. रीसेट दिला की सेल पूर्ण ताकदीनं वर येतो, दुरुस्ती झाली असं वाटतं आणि वापर कमी असेल तर थोड्या वेळात तो पुन्हा झोपतो. दुसरी तक्रार, दुसरी फेरी. चांगलं युनिट उतरवून परत पाठवलं जातं ते असंच.

पुस्तिकेत क्रम असा हवा. आधी नियंत्रण कक्षाला विचारा की सेल ऊर्जाबचतीमुळे बंद आहे, कोणी हातानं लॉक केलाय, की बिघाडानं गेलाय. या तिन्ही नोंदी वेगळ्या असतात. ऊर्जाबचतीमुळे असेल तर ती त्या सेलपुरती थांबवायला सांगा. सेल वर आला तर हार्डवेअर ठीक, हात लावू नका. नाही आला तरच पुढे : युनिटपाशी −४८ व्होल्टचा पुरवठा पोचतोय का, फायबरमधली प्रकाशपातळी किती, मग अँटेनाकडून परतणारी शक्ती. टॉवरवर चढायचं ते त्यानंतर.

शब्द कोणताही घ्या, तो बिघाडासाठी आधीच वापरात नसावा एवढंच.

अनुस्वार
मराठीला या बाबतीत उसनवारीची गरज नाही. जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुर्या अशा चार अवस्था आपल्या परंपरेत शतकानुशतके मांडलेल्या आहेत. सुषुप्ती म्हणजे गाढ, स्वप्नरहित निद्रा. ‘सेल सुषुप्तीत आहे’ असे लिहिल्यास बिघाडाशी गल्लत होण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण हा शब्द बिघाडासाठी कोणी वापरत नाही.

माळरान
बिघाडासाठी वापरत नाहीत हे खरं. पण ज्याच्या हातात पाना आहे त्याला तो शब्द आधी समजावून सांगावा लागेल.

अनुस्वार
‘बॅकहॉल’ (टॉवरला मुख्य जाळ्याशी जोडणारा दुवा) आणि ‘रेक्टिफायर’ (एसीचे डीसी करणारे यंत्र) हेही एकदा समजावून सांगावेच लागले होते. परकीय शब्दासाठी जे श्रम घेतो ते स्वतःच्या शब्दासाठी का घेऊ नयेत?

लंबक
एका शब्दात भागणार नाही. काय बंद होतं आणि जाग यायला किती वेळ लागतो, हे प्रत्येक प्रकारात वेगळं आहे आणि तंत्रज्ञाला तेच कळायला हवं.

सगळ्यात उथळ प्रकार सिम्बॉल शटडाउन. एलटीईमध्ये, म्हणजे ४जीत, १ मिलिसेकंदाच्या सबफ्रेममध्ये (प्रक्षेपणाच्या वेळेच्या तुकड्यात) १४ सिम्बॉल, म्हणजे आणखी छोटे तुकडे, असतात, प्रत्येक साधारण ७१ मायक्रोसेकंदांचा. ज्या सिम्बॉलमध्ये पाठवायला काही नाही, तेवढ्यापुरता पॉवर ॲम्प्लिफायरचा बायस, म्हणजे त्याला तयार ठेवणारा स्थिर पुरवठा, काढून घेतात, कारण सिग्नल नसतानाही बायसवर ॲम्प्लिफायर वीज खात बसतो. अडचण अशी की एलटीईचा सेल रिकामा असला तरी त्याला आपले रेफरन्स सिग्नल (फोनला सेल मोजता यावा म्हणूनचे) दर सबफ्रेमला पाठवावेच लागतात. दोन अँटेना पोर्ट धरले तर ०, ४, ७ आणि ११ हे सिम्बॉल अडलेले. सलग मोकळी फट जास्तीत जास्त तीन सिम्बॉलांची, म्हणजे जेमतेम ०.२१ मिलिसेकंद. ५जीमध्ये हे कायमचे सिग्नल काढून टाकले. तिथे रिकाम्या सेलला मुख्यतः एसएसबी (फोनला सेल सापडावा म्हणूनचा सिग्नल) पाठवायचा असतो, नेहमीच्या मांडणीत दर २० मिलिसेकंदांनी. तो १६० पर्यंत ताणता येतो. पण नवा फोन शोध घेताना २० च गृहीत धरतो, म्हणून ज्या सेलवर फोन पहिल्यांदा येऊन टेकतात तिथे ताणला तर फोनला नेटवर्क सापडायला उशीर होतो.

दुसरा प्रकार अँटेनाच्या प्रक्षेपण वाहिन्या कमी करण्याचा. ६४ पैकी ३२ बंद. इथे कोणीच झोपलेलं नाही, सेल चालूच आहे, अर्ध्या बळावर. एकूण प्रक्षेपित शक्ती ३ डेसिबल उतरते, वर झोत रुंदावल्यामुळे आणखी साधारण ३. कडेच्या ग्राहकाला मिळून ६ डेसिबलचा फटका. म्हणून याला ‘झोप’ म्हणणं चूकच.

तिसरा प्रकार रानजाईंच्या वाक्यातला, अख्खा कॅरिअर, म्हणजे एका वारंवारतेवरची पूर्ण लहर, बंद. २३०० मेगाहर्ट्झचा थर उतरवायचा, ८५० किंवा ९०० चा दूर पोचणारा थर तसाच ठेवायचा. यात क्रमाला फार महत्त्व आहे. भार ठरलेल्या उंबरठ्याखाली काही वेळ टिकला पाहिजे, मग नवीन फोनना मज्जाव, मग असलेले फोन खालच्या थरावर हलवायचे, मग शक्ती टप्प्याटप्प्यानं उतरवायची आणि शेवटी बंद. शक्ती एकदम तोडली तर जे फोन हलले नाहीत त्यांचे कॉल तुटतात. आणि बंद करण्याचा व उठवण्याचा उंबरठा एकच ठेवला तर दोन-चार ग्राहकांच्या फरकानं सेल रात्रभर बंद-चालू होत राहतो. बंद करण्याचा उंबरठा बराच खाली हवा, आणि खालच्या थराचा भार वाढला की वरचा उठला पाहिजे.

चौथा प्रकार खोल. रेडिओ युनिटचं जवळजवळ सगळं बंद, फक्त खालून येणारा आदेश ऐकण्यापुरता भाग जागा. परत यायला मिनिटं लागतात. हे अपरात्रीच, आणि शेजारचा थर भक्कम असेल तिथेच.

ओवी
लंबक यांनी जे चार प्रकार सांगितले त्यांना मराठीत शब्द तयार आहेत. पहिला ‘डुलकी’. डुलकी क्षणाची असते आणि घेणारा बसल्या जागीच असतो, आडवा होत नाही. दुसऱ्याला झोपेचा शब्द नकोच. तिसऱ्याला ‘निजणे’. धंदा झोपतो, पण धंदा ‘निजला’ असं कोणी म्हणत नाही, त्यामुळे बिघाडाचा वास येत नाही. शिवाय त्याचं प्रयोजक रूप चोख आहे : निजवणे. ‘सेल निजवलेला आहे’ म्हटलं की कोणीतरी मुद्दाम निजवलाय हे क्रियापदातच आलं. ‘झोपला’ आणि ‘निजवलेला आहे’ यात तंत्रज्ञाला हवा तो फरक पूर्ण आहे. चौथा ‘गाढ झोप’.

रानजाई
‘निजवलेला’ फार आवडला. वाक्य असं होईल : ‘सेल निजवलेला असल्यास रेडिओ युनिट रीस्टार्ट करू नये.’

अनुस्वार
‘निजवणे’ अंगाईतले क्रियापद आहे. यंत्राच्या पुस्तिकेत ते शोभत नाही. पारिभाषिक शब्दाला थोडे अंतर हवे, नाहीतर तो पारिभाषिक आहे हेच वाचकाला कळत नाही.

ओवी
दिवा मालवणे, दुकान वाढवणे हेही घरातलेच शब्द, आणि ते शतकानुशतके काटेकोरपणे वापरले जातात. शब्द घरातला असला म्हणून ढिला होत नाही.

खंड्या
टॉवरबद्दल बोलताय, पण हेच शब्द फोनच्या बाजूला लागणार आहेत, म्हणून दोन्हीचा एकदम विचार करा. मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या ३जीपीपीच्या आवृत्ती १६ मधल्या फोनच्या वीजवापराच्या अभ्यासात तीन झोपा आहेतच. फोन फक्त नियंत्रण वाहिनी ऐकत असेल तर वापर १०० धरायचा, त्या मापात सूक्ष्म झोप ४५, हलकी २०, गाढ १. जाण्या-येण्याला सूक्ष्म झोपेत वेळ लागत नाही असं धरतात, हलकीला ६ मिलिसेकंद, गाढला २०. म्हणजे २० पेक्षा लहान फटीत गाढ झोप बसतच नाही. ओवींची ‘डुलकी’ इथे चपखल.

पण पुढे गाडी अडते. फोन ठरावीक वेळानं जागा होतो, आपल्याला कोणी बोलावतंय का पाहतो, नसेल तर परत झोपतो. एलटीईत हे चक्र ०.३२ ते २.५६ सेकंदांचं. पाण्याच्या किंवा गॅसच्या मीटरमधल्या एनबी-आयओटी (कमी ऊर्जेत चालणाऱ्या उपकरणांसाठीचं मोबाइल तंत्र) मोड्यूलला ते पावणेतीन तासांच्या वर ताणता येतं. त्याच्याही पलीकडे पीएसएम, पॉवर सेव्हिंग मोड : मोड्यूल नेटवर्कवर नोंदलेलं राहतं, पण कोणी कितीही बोलावलं तरी ऐकत नाही. स्वतः उठेल तेव्हाच बोलेल. त्याच्या टायमरची कमाल मर्यादा ९,९२० तास, म्हणजे ४१३ दिवस. याला ‘निजणे’ म्हटलं तर निजलेल्याला हाक मारून उठवता येतं असं वाटणार, आणि मीटरला वरून आज्ञा पाठवणारा वाट पाहत बसणार. ही चूक कामात नेहमी होते : व्हॉल्व्ह बंद करण्याची आज्ञा पाठवली जाते आणि मीटरनं ती पुढच्या नोंदणीपर्यंत घेतलेलीच नसते. दूरनियंत्रित व्हॉल्व्ह असेल तिथे पीएसएम लावायचाच नाही, ताणलेलं ऐकण्याचं चक्र लावायचं.

ओवी
पीएसएमला ‘शीतनिद्रा’. बेडूक हाकेनं उठत नाही, ऋतू बदलला की उठतो.

अनुस्वार
उत्तम. आणि पेजिंगला, म्हणजे नेटवर्कने फोनला बोलावण्याला, ‘पुकारा’ घ्यावा. न्यायालयात अजून रूढ आहे.

माळरान
पुकारा ठीक, पण ‘हाळी’ जास्त जवळचा. पेजिंग एका सेलपुरतं नसतं, ट्रॅकिंग एरियातल्या (अनेक सेलांच्या गटातल्या) सगळ्या सेलांमधून जातं, कारण फोन त्यातल्या कुठल्या सेलखाली आहे हे नेटवर्कला माहीत नसतं. हाळी अशीच देतात, माणूस दिसत नसताना. एरिया फार मोठा आखला तर प्रत्येक कॉलसाठी शेकडो सेलांना हाळी द्यावी लागते आणि डुलकीच्या फटी त्यातच भरून जातात. फार लहान आखला तर फोनला सारखी जागा कळवावी लागते, बॅटरी तिथे जाते.

लंबक
मूळ वाक्यातला दुसरा शब्द कोणी पाहिला नाही : ‘सेल’. त्याच साइटवर खाली बॅटरी बँक असते, २ व्होल्टचे २४ सेल. ‘रात्री सेल बंद ठेवा’ हे वाक्य दोन्हीकडे लागू पडतं. आणि कॅरिअरला ‘वाहक’ केलंत तर तीच गत : वाहक म्हणजे तार. एसटीत वाहक म्हणजे कंडक्टर, ते सोडा. ‘वाहक काढा’ वाचून कोणी पुरवठ्याची तार सोडवू नये म्हणून किमान ‘वाहक लहर’ पूर्ण लिहा.

अनुस्वार
बॅटरीच्या सेलला ‘घट’ हा शब्द सिद्ध आहे. तो घेतला की ‘सेल’ रेडिओसाठी मोकळा राहतो.

माळरान
घट म्हणजे कमी होणंसुद्धा. बॅटरीच्या पानावर हे वाक्य येणारच : डिस्चार्ज चाचणीत एखाद्या सेलचं व्होल्टेज बाकीच्यांआधी १.७५ व्होल्टच्या खाली गेलं तर तो बदला. ‘घटाच्या व्होल्टेजमध्ये घट’ लिहिणार का?

रानजाई
शीर्षकाबद्दलही विचारते. प्रकरणाचं नाव ‘ऊर्जाबचत’ ठेवू, ‘वीजबचत’ की ‘शक्तिबचत’? मूळ पुस्तिकेत पॉवर आणि एनर्जी दोन्ही शब्द अदलाबदलीनं आलेत.

लंबक
अदलाबदल होऊ देऊ नका. शक्ती म्हणजे पॉवर, वॉटमध्ये. ऊर्जा म्हणजे एनर्जी, बिलावरच्या युनिटमध्ये, किलोवॉट-तासात. समजा कॅरिअर बंद केल्यानं शक्ती ३०० वॉटनं उतरली आणि तो रात्री ५ तास बंद राहिला, तर ऊर्जा वाचली दीड युनिट. ही दोन वाक्यं वेगळी आहेत. प्रक्षेपित शक्ती ३ डेसिबल, म्हणजे निम्मी केली, तरी साइटचा वापर निम्मा होत नाही, कारण बेसबँड (सिग्नलवर प्रक्रिया करणारं युनिट), पंखे, रेक्टिफायरमधला तोटा हे सगळं तसंच राहतं. दोन्हीला ‘वीज’ म्हटलं की हा फरक पुसला जातो आणि शक्ती निम्मी करूनही बिल का उतरलं नाही, याचं उत्तर कोणालाच देता येत नाही.

माळरान
‘वीज’ टाळाच. टॉवरच्या पुस्तिकेत आकाशातली वीजही आहे, तिच्यासाठी वेगळं प्रकरण असतं. ‘वीज आल्यावर टॉवरवर चढू नये’ हे लोडशेडिंगनंतरचं की पावसाळ्यातलं?

अनुस्वार
आकाशातील विजेला ‘तडित’ म्हणावे. ‘तडितरक्षक’ हा शब्द वापरात आहेच. आणि कृपया ‘उर्जा’ नव्हे, ‘ऊर्जा’. छापील पुस्तिकांत पहिला उकार हटकून ऱ्हस्व पडतो.

ओवी
तडितरक्षक आहे, पण नुसत्या ‘तडित’ला क्रियापद मिळत नाही. वीज पडते, कोसळते, चमकते. तडित काय करते?

खंड्या
सुरक्षेच्या वाक्यात तरी ‘पुरवठा आल्यावर’ आणि ‘वीज चमकत असताना’ असं फोडून लिहा. म्हणजे पहिल्या वाक्यात ‘वीज’ शब्दच नको.

अनुस्वार
‘पुरवठा’ म्हणजे पाण्याचाही असू शकतो.

माळरान
टॉवरवर पाण्याचा पुरवठा नसतो. ‘−४८ व्होल्टचा पुरवठा’ आणि ‘मंडळाचा पुरवठा’ असे दोन वेगळे मात्र लिहावे लागतील. मंडळाचा गेला तरी बॅटरीवर −४८ चालू असतो, आणि तो बंद आहे असं धरून कोणी उघड्या तारेला हात लावू नये.