स्वतःच्या जुन्या प्लेस्टेशन २ वर सॉफ्टमॉड : मालकाचा हक्क की चोरीची पहिली पायरी?

महालकर (धागाकर्ता)

नागपुरात जुन्या कन्सोलची, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळण्याच्या यंत्रांची, आवड असलेली आम्ही काही मंडळी अधूनमधून भेटतो. गेल्या आठवड्यात एकाने सोनी कंपनीच्या आपल्या प्लेस्टेशन २ साठी फ्री एमसीबूट हा सॉफ्टमॉड असलेले मेमरी कार्ड तयार केल्याचे सांगितले, तेव्हा दुसऱ्याने 'ज्याचा कन्सोल फोडलेला (कंपनीचे कुलूप तोडलेला), तो गेमचोर' असे तोंडावर सुनावले आणि बहुतेकांनी माना डोलावल्या. मला हे विधान मुळातच चुकीचे वाटते, म्हणून हा धागा.

सॉफ्टमॉड म्हणजे कन्सोल न उघडता, डाग न देता, केवळ सॉफ्टवेअरच्या आधारे त्यावर कंपनीची मोहोर नसलेले प्रोग्राम चालवण्याची सोय करणे. आणि हौशी लोकांनी स्वतः लिहिलेल्या अशा प्रोग्रामना होमब्रू म्हणतात. प्लेस्टेशन २ सुरू होताना मेमरी कार्डावर सिस्टिमचे एखादे अपडेट आहे का, हे पाहतो. ही सोय सोनीनेच ठेवलेली आहे. २००८ मध्ये आलेले फ्री एमसीबूट याच दारातून आत शिरते. त्याच्या फायली त्या विशिष्ट कार्डाशी बांधलेल्या असतात, त्यामुळे एका कार्डावरून दुसऱ्यावर नुसती कॉपी करून भागत नाही. इन्स्टॉलर प्लेस्टेशनवरच चालवावा लागतो. पण महत्त्वाची गोष्ट अशी की हे सगळे त्या ८ एमबीच्या कार्डावर राहते. कार्ड काढले की यंत्र कारखान्यातून आले तसेच्या तसे. मग यात फोडले काय?

या कन्सोलचे १५ कोटींहून अधिक नग विकले गेले आणि जानेवारी २०१३ पर्यंत त्याचे उत्पादन जगभर थांबले. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, वर्षभर धूळ असते, आणि या यंत्रात सगळ्यात आधी दगा देते ती लेझरची लेन्स. डिस्कवर एक ओरखडा नसतो, ट्रे बंद होतो, आतून लेन्स पुढेमागे सरकल्याची टकटक ऐकू येते आणि शेवटी 'प्लेस्टेशनची डिस्क घाला' असे सांगणारा लाल पडदा समोर येतो. मी पैसे मोजून घेतलेली डिस्क हातात आहे, पैसे मोजून घेतलेले यंत्र समोर आहे, आणि दोघांमधला काचेचा एक ठिपका थकला म्हणून दोन्ही भंगारात काढायचे, हे मला मान्य नाही. ओपन पीएस२ लोडर हा होमब्रू प्रोग्राम त्याच डिस्कची प्रत हार्ड डिस्कवरून किंवा घरच्या नेटवर्कवरून चालवतो. दुसरा एक प्रोग्राम, यूलाँचएल्फ, जुन्या कार्डावरचे सेव्ह, म्हणजे खेळाची साठवलेली प्रगती, पेन ड्राइव्हवर काढून देतो. कार्ड मेले की त्यावरची सगळी वर्षे गेली, ही भीती त्यामुळे उरत नाही.

शिवाय मालकाने आपल्या यंत्रावर आपला प्रोग्राम चालवणे हे सोनीलाही एके काळी गैर वाटत नव्हते. २००२ मध्ये सोनीनेच प्लेस्टेशन २ साठी लिनक्सचा संच विकला. त्यात ४० जीबीची हार्ड डिस्क, कीबोर्ड आणि माउसही होता. जे कंपनी स्वतः विकत होती, तेच आज हौशी माणसाने केले तर तो चोर कसा ठरतो, याचे उत्तर विरोधकांनी द्यावे.

बर्डीकर

महालकर भाऊ, तुमचे लिखाण नेमके आहे, पण ते वाचणाऱ्याच्या हातून पुढे काय घडते ते मी रोज पाहतो. माझे सीताबर्डीत दुरुस्तीचे दुकान आहे. होमब्रू चालवायचे आहे म्हणून माझ्याकडे आजवर कोणी आलेले नाही. गिऱ्हाईक काउंटरवर कन्सोल ठेवते आणि पहिला प्रश्न विचारते, 'भाऊ, यात गेम किती भरून देता?' पूर्वी कॉपी डिस्क चालाव्यात म्हणून आत चिप बसवलेले कन्सोल विकले जात आणि सोबत रस्त्यावर मिळणाऱ्या स्वस्त कॉपी डिस्कची थप्पी असे. आता चिपच्या जागी कार्ड आले आणि थप्पीच्या जागी हार्ड डिस्क. पद्धत स्वच्छ झाली, धंदा तोच राहिला.

दुसरी गोष्ट म्हणजे अशी तयार कार्डे आता सर्रास विकली जातात आणि त्यातली बरीच नकली असतात. घेणाऱ्याला हेही सांगितले जात नाही की शेवटच्या ९०००० मालिकेतल्या, २.३० बायॉस (यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्राम) असलेल्या कन्सोलवर हे कार्ड चालतच नाही. तो पैसे देतो, घरी जातो, काहीच होत नाही, मग कन्सोल बिघडला असे समजून माझ्याकडे येतो. हक्काची भाषा सुशिक्षित माणसाला शोभते. बाजारात तिचा उपयोग फुकट गेमची जाहिरात म्हणूनच होतो. म्हणून मी याचा जाहीर पुरस्कार करण्याच्या विरोधात आहे.

धंतोलीकर

मी वकिली करतो, म्हणून कायद्यापुरते लिहितो. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५अ हे कलम आले. संरक्षणासाठी लावलेला तांत्रिक अडथळा जो ओलांडतो, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. पण त्यासाठी हक्कभंगाचा हेतू असावा लागतो. हेतूची ही अट फार मोलाची आहे. ज्या कामाला कायद्याने स्पष्ट मनाई केलेली नाही, त्या कामासाठी अडथळा ओलांडण्यास हे कलम आड येत नाही, असेही त्यातच पुढे म्हटले आहे. स्वतः लिहिलेला प्रोग्राम स्वतःच्या यंत्रावर चालवणे हे माझ्या मते या सवलतीत सरळ बसते.

डिस्कच्या प्रतीबाबत कलम ५२(१)(अअ) पाहावे. संगणक प्रोग्रामची प्रत ज्याच्याकडे कायदेशीररीत्या आहे, त्याला हरवणे, नष्ट होणे किंवा खराब होणे यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून बॅकअप प्रत करता येते, आणि तीही मूळ हेतूने वापरण्यापुरतीच. गेममध्ये संगीत आणि चित्रे असतात, त्यांना हे कलम कितपत लागू होते यावर वाद घालता येईल. पण मूळ डिस्क कपाटात असलेल्या माणसाची बाजू निदान उभी राहते. ज्याच्याकडे डिस्क कधीच नव्हती, त्याची उभी राहत नाही. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यासाठी ६३ब हे वेगळे कलम आहे. नफ्याचा हेतू नसेल तर न्यायालय त्यात कैद टाळू शकते, दंड मात्र ५०,००० रुपयांपर्यंत होऊ शकतो.

बर्डीकरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दुसऱ्या कोणाला असा अडथळा ओलांडण्यासाठी जो मदत करतो, त्याने त्या माणसाचे नाव, पत्ता आणि हेतू यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे, असे ६५अ मध्येच लिहिलेले आहे. बाजारात कार्डे विकणारे ही नोंद ठेवताना मी तरी पाहिलेले नाहीत.

प्रतापनगरकर

मी गेम तयार करण्याच्या क्षेत्रात काम केलेले आहे आणि माझा विरोध बर्डीकरांपेक्षा खोलवरचा आहे. 'कंपनीने उत्पादन थांबवले, आता कोणाचे नुकसान होणार?' हा युक्तिवाद या चर्चेत नेहमी गृहीत धरला जातो आणि तो खरा नाही. सोनीने २०१५ पासून प्लेस्टेशन २ चे काही गेम प्लेस्टेशन ४ वर पुन्हा विकले. जुना गेम हा मेलेला माल नसतो. हक्कधारक तो दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा बाजारात आणू शकतो, आणि तोवर तो प्रत्येकाच्या हार्ड डिस्कवर फुकट पोहोचलेला असेल तर पुन्हा आणण्याची उमेद कोणाला राहील? आपल्या देशात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क टिकतो. तेरा-चौदा वर्षांपूर्वी उत्पादन थांबलेल्या यंत्राचे गेम बेवारस समजणे हे त्या गेमवर रात्रीचा दिवस करणाऱ्या माणसांवर अन्याय करणारे आहे.

लिनक्सच्या संचाचे उदाहरणही पुरते लागू पडत नाही. त्या संचाने सोनीने ठरवलेल्या कुंपणाच्या आत मोकळीक दिली होती. कुंपण कुठे असावे हे ठरवणारा निर्माता असणे आणि ते आपणच हलवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

महालकर (धागाकर्ता)

प्रतापनगरकर, कुंपण ठरवण्याचा अधिकार निर्मात्याला कायमचा दिला तर काय होते, हेही सोनीनेच दाखवून दिले आहे. प्लेस्टेशन ३ वर दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बसवण्याची सोय होती. लोकांनी ती पाहून यंत्र विकत घेतले, आणि एप्रिल २०१० च्या अपडेटने ती काढून घेतली. अपडेट नाकारणाऱ्याला सोनीच्या नेटवर्कवर ऑनलाइन खेळता येईना. विकलेल्या वस्तूतला एक भाग विक्रीनंतर परत नेला गेला. यंत्र माझे की त्यांचे, हा प्रश्न मी तेव्हापासून विचारतो आहे.

जुने गेम पुन्हा विकले जातात हे खरे, पण किती? अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०१० पूर्वी तिथे आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे मिळत नाहीत. आपल्या घरचे उदाहरण घ्या. २००९ मध्ये 'हनुमान : बॉय वॉरियर' हा भारतात तयार झालेला गेम प्लेस्टेशन २ वर आला. गेम म्हणून त्याच्यावर टीका झाली, पण आपल्या देशातल्या कन्सोल गेमच्या इतिहासातले ते सुरुवातीचे पान आहे. त्याची डिस्क ज्यांच्याकडे आहे त्यांनी प्रत काढून ती चालती ठेवली नाही, तर आणखी वीस वर्षांनी ते पान कोणाला पाहायला मिळेल? डिस्क नसलेल्याला गेम वाटत सुटावे असे मी कुठेही म्हटलेले नाही आणि म्हणणार नाही.

त्रिमूर्तीनगरकर

मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवते. इथे दोन्ही बाजू जुन्या गेमच्या प्रतींवरच अडकल्या आहेत, याचे मला वाईट वाटते, कारण होमब्रूचा गाभा तो नाही.

माझ्या विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर ८ किंवा १६ जीबी मेमरी असते आणि प्रोग्रामने किती जागा खाल्ली हे पाहण्याची त्यांना कधी वेळच येत नाही. प्लेस्टेशन २ मध्ये मुख्य मेमरी ३२ एमबी, चित्रांसाठी ४ एमबी आणि सुमारे २९५ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर. मुक्तस्रोत साधनांच्या मदतीने विद्यार्थी लॅपटॉपवर प्रोग्राम बांधतात, पेन ड्राइव्हवर टाकतात, आणि फ्री एमसीबूटचे कार्ड लावून यंत्रावर चालवतात. एका विद्यार्थिनीने पडद्यावर फिरणारा एक साधा ठोकळा आणला. त्याच्यावर रंगीत चित्र चढवताना तिचे ४ एमबी भरून गेले. रुंदी गुणिले उंची गुणिले प्रत्येक ठिपक्याचे बाइट, हा हिशेब तिने त्या दिवशी वहीत मांडला, आणि पडद्यासाठी राखलेली जागा वजा केल्यावर चित्राला किती उरते ते स्वतः शोधून काढले. वर्गात मी हेच फळ्यावर लिहिले होते, तेव्हा कोणी मान वर केली नव्हती.

बर्डीकर भाऊ, यात चोरलेला गेम कुठेच नाही. बाजारातले लोक गैरवापर करतात म्हणून या मुलांनाही त्याच नजरेने पाहायचे, हे मला पटत नाही. आणि महालकर, तुम्हालाही विनंती आहे की आपली बाजू बॅकअपवर कमी आणि यावर जास्त उभी करा. बॅकअपच्या युक्तिवादात प्रतापनगरकरांना उत्तर द्यावे लागते. इथे त्यांनाही आक्षेप घ्यायला जागा राहत नाही.

प्रतापनगरकर

ताई, तुमच्या वर्गातल्या वापराला माझा खरोखरच आक्षेप नाही. असे शिकून आलेली मुले आमच्या क्षेत्राला हवीच आहेत. पण कार्ड तेच असते. तुमच्या हातात ते पाटी आहे आणि दुसऱ्याच्या हातात किल्ली, आणि विकणारा दोघांना एकाच भावाने देतो. माझा प्रश्न त्या विक्रीचा आहे.

बर्डीकर

ताईंच्या लिखाणानंतर मी माझे म्हणणे थोडे बदलतो. विद्यार्थ्यांसाठी कार्ड हवे असेल तर मी स्वतः खरे कार्ड शोधून इन्स्टॉल करून देईन. हार्ड डिस्क भरून मात्र कोणालाही देणार नाही, मग कोणी कितीही पैसे देवो.

मात्र 'कार्ड काढले की सगळे पूर्ववत' हे महालकरांचे वाक्य वाचून कोणी निन्टेन्डो कंपनीच्या वी या कन्सोलवर तोच प्रयोग करील, म्हणून सांगतो. वीमध्ये बदल आतल्या ५१२ एमबी मेमरीत लिहिले जातात. जुन्या वीमध्ये बूटमी हा बचावाचा प्रोग्राम इतक्या खोलवर बसवता येते की बाकी सिस्टिम बिघडली तरी मेमरीचा बॅकअप परत घालता येतो. नंतरच्या वीमध्ये कंपनीने ती वाट बंद केली. तिथे चुकीची फाइल टाकली तर यंत्र विटेसारखे पडून राहते. त्याचे ऑनलाइन दुकानही ३० जानेवारी २०१९ ला बंद झाले, आणि तिथली खरेदी त्या एका यंत्राशीच बांधलेली असते, त्यामुळे नवीन यंत्र आणून जुनी खरेदी पुन्हा उतरवून घेऊ, असेही होत नाही. आधी मेमरीचा बॅकअप, मग बाकी सगळे. या क्रमात तडजोड नको.

आणि वकील साहेब, नोंदवही मी ठेवीन. नाव आणि पत्ता लिहून घेणे सोपे आहे. पण हेतूच्या रकान्यात प्रत्येक जण 'होमब्रू' असेच सांगणार. ते खरे की खोटे हे मी काउंटरमागून कसे ठरवायचे?

धंतोलीकर

ते ठरवण्याचे काम कायद्याने तुमच्यावर टाकलेले नाही. सांगितलेला हेतू लिहून घेण्याचे टाकले आहे. त्याने खोटे सांगितले तर ती जबाबदारी त्याची. पण गिऱ्हाईक तुमच्यासमोर गेमची यादी मागत असेल आणि तुम्ही रकान्यात 'होमब्रू' लिहीत असाल, तर ती नोंद तुमच्या बचावासाठी नव्हे, तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाईल. तेव्हा यादी मागणाऱ्याला तिथेच नकार द्या.