नववी-दहावीच्या मुलांना पर्यटन व आतिथ्य हा विषय प्रत्यक्षात कसा शिकवावा?

मालवणचा मास्तर:
आमच्या शाळेत नववीपासून पर्यटन व आतिथ्य हा व्यवसाय विषय घेता येतो. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, म्हणजे माझ्या वर्गातील मुलांच्या जन्माआधीपासून येथे पर्यटनाचा बोलबाला आहे. तरीही विषय निवडताना पालक हमखास विचारतात, "शिकान माझो झील काय ताटां उचलतलो?" (शिकून माझा मुलगा काय ताटे उचलणार?) दुसरी अडचण माझी स्वतःची आहे. फ्रंट ऑफिस (पाहुण्यांचे स्वागत व नोंदणी) आणि हाउसकीपिंग (खोल्यांची स्वच्छता व मांडणी) यांच्या व्याख्या मुले घडाघडा म्हणतात. परंतु परवा मी पर्यटक असल्याचे भासवून वर्गातच फोनचा सराव घेतला, तेव्हा सर्वांत हुशार मुलीने "हो, रूम आहे, या" एवढे बोलून फोन ठेवला. माणसे किती, तारीख कोणती, जेवण शाकाहारी की मांसाहारी, यातले तिने काहीच विचारले नाही. पुस्तकापलीकडे नेमके काय शिकवावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त हाउसकीपर, पुणे:
सर, पुणे आणि गोव्यातील हॉटेलांत माझी सत्तावीस वर्षे गेली. बहुतेक शाळा नॅपकिनची फुले आणि हंस यांपासून सुरुवात करतात. ते प्रदर्शनात शोभून दिसतात, पण मुलाला कामाची ओळख त्यातून होत नाही. त्याऐवजी शाळेतली एक रिकामी खोली मिळवा, तिच्यात एक पलंग आणि दोन चादरी ठेवा, आणि वर्षभर तीच एक खोली मुलांकडून तयार करून घ्या. दार वाजवून थांबायचे, आत गेल्यावर आधी खिडकी उघडायची, वापरलेल्या चादरी काढताना पाहुण्याची एखादी वस्तू त्यांत गुंडाळली गेली नाही ना हे पाहायचे, पलंग लावायचा, मग बाथरूम, मग धूळ, आणि फरशी सर्वांत शेवटी, आतून दाराकडे येत पुसायची. हा क्रम का, हे मुलांनाच शोधू द्या. फरशी आधी पुसून नंतर धूळ झटकली की उत्तर आपोआप पायाखाली येते. कमोडचे फडके पाण्याच्या ग्लासला कधीही लागता कामा नये, हा नियम तर पहिल्याच दिवशी अंगवळणी पडला पाहिजे. खोली एकाने लावावी आणि दुसऱ्याने तक्ता हातात घेऊन तपासावी. नव्याने येणारी मुले इंग्रजीत अडखळतात हे खरे आहे, परंतु ती मागे पडतात ती उशीखालचा केस न दिसल्यामुळे.

देवबागची ताई:
आम्ही निवास व न्याहारी योजनेत घरच्याच दोन खोल्या चालवतो. पाहुणे विचारतात की भरती कधी आहे, सुरमई महाग का, पावसाळ्यात किल्ल्यावर होडी का जात नाही, आणि जून-जुलैत मासेमारी बंद का असते. या सगळ्याची उत्तरे आपल्या मुलांना ठाऊक असतात. अनोळखी माणसाला ती तीन-चार वाक्यांत, न लाजता, आधी मराठीत आणि मग हिंदी-इंग्रजीत सांगण्याचा सराव मात्र नसतो. हिशेबही अवश्य शिकवावा. दिवाळी, नाताळ आणि मे महिना यांतली कमाई पावसाळ्यात कशी पुरवायची, आणि खोलीच्या भाड्यातून बुकिंगचे कमिशन, धुलाई, गॅस व वीज वजा जाता हाती काय उरते, हे दाखवायला माझी वही घेऊन मी वर्गात येईन.

किचनमधला माजी विद्यार्थी:
शाळेत असताना "प्रशिक्षण" म्हणून मला एका हॉटेलात पाठवले होते आणि पंधराही दिवस मी फक्त ताटे विसळली. ताटे विसळण्यात कमीपणा नाही, पण ते शिक्षण नव्हे. म्हणून मुले पाठवण्यापूर्वी रोज कोणत्या विभागात काय शिकवणार, हे हॉटेलकडून लेखी घ्या. चौदा वर्षांखालील मुलांना कामाला लावणे कायद्याने बंद आहे, आणि त्यापेक्षा मोठी मुलेही सीझनमधली फुकटची माणसे ठरू नयेत. पालकांना पुढचे मार्ग स्पष्ट सांगा: दहावीनंतर आयटीआयमध्ये फूड प्रॉडक्शनचा, म्हणजे हॉटेलातील स्वयंपाकाचा, एक वर्षाचा कोर्स आहे. बारावीला शाखा कोणतीही असो, इंग्रजी विषय असेल तर एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा देऊन दादरच्या, १९५४ साली सुरू झालेल्या आयएचएमसारख्या हॉटेल मॅनेजमेंटच्या संस्थेत जाता येते. मी आयटीआयच्या वाटेने आलो. सुरुवातीला पगार बेताचाच असतो, दिवसभर उभे राहावे लागते आणि ऐन गणपतीत सुट्टी मिळेलच असे नाही, हेही त्यांच्यापासून लपवू नका; आमच्या घरी हे आधी कोणी सांगितले असते तर पहिल्या वर्षीची भांडणे टळली असती.

मालवणचा मास्तर:
सर्वांचा मनापासून आभारी आहे. प्रयोगशाळेशेजारची अडगळीची खोली मुख्याध्यापकांकडून मागून घेतली आहे, पलंग मात्र अजून मिळवायचा आहे. ताई, पुढच्या पालकसभेला आपली वही घेऊन याल का? ती मुलांआधी पालकांनी पाहावी असे मला वाटते. पुण्याच्या काकांना विनंती, की खोली तपासण्याचा आपला जुना तक्ता येथे टाकावा. फोनशेजारी ठेवायची वही त्याच मुलीने काल आखून आणली: नाव, तारीख, माणसे, येण्याची वेळ, जेवण, मोबाइल क्रमांक. शेवटचा रकाना तिने स्वतःहून जोडला आहे, "परत वाचून दाखवले का?"